गुग्गुळाचं पान आणि पेन्सिलीची चिठ्ठी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या घरी संध्याकाळी आजी निखाऱ्यावर गुग्गुळ टाकायची. तो वास जन्मापासून ओळखीचा, पण झाड पाहिलं ते थेट एम.एस्सी.ला आल्यावर, मुरैन्याकडच्या चंबळच्या बीहडात, म्हणजे नदीकाठच्या मातीच्या घळींच्या मुलखात. जेमतेम छातीपर्यंतचं वेडंवाकडं झुडूप, फांद्यांची टोकं काट्यासारखी, खोडावरून कागदासारखे पापुद्रे सुटलेले. बुंध्यावर डिंकासाठी घातलेले खोल घाव होते. असे घाव सोसून पुष्कळ झाडं वाळून जातात. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत गुग्गुळ अतिसंकटग्रस्त आहे, हे मी वाचलेलं होतं. त्या बुंध्यावर हात ठेवला तेव्हा ते पटलं.

ज्युनियर मुलं हल्ली विचारतात, "ताई, जीनोमिक्समध्ये यायचंय, आधी कोडिंग शिकू का?" जीनोमिक्स म्हणजे सजीवाच्या डीएनएचा अभ्यास. कोडिंग शिका, जरूर शिका. पण आधी हे समजून घ्या की झाड वाचवायला डीएनए लागतोच कशाला.

गुग्गुळात नर आणि मादी झाडं वेगवेगळी असतात आणि नर फार कमी सापडतात. तरीही मादीला फळं धरतात, कारण परागकणांशिवाय, आईच्याच पेशींपासून बी तयार होऊ शकतं. म्हणजे रोप उगवतं ते आईची हुबेहूब प्रत. रोपवाटिकेत फांदीची कलमं लावली तर तीही प्रतच. उद्या हजार रोपं लावली आणि ती सगळी दोन-तीन आयांचीच निघाली, तर एका रोगात किंवा एका दुष्काळात सगळी एकदम जाऊ शकतात. कलमं कुठल्या झाडांची घ्यायची हे ठरवण्याआधी कोण कोणापासून किती वेगळं आहे ते कळायला हवं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. विद्यार्थ्याचं काम इथे सुरू होतं.

गुग्गुळ वर्षातला बराच काळ निष्पर्ण असतो. पानं फुटतात पावसानंतर, त्यामुळे नमुने गोळा करायचे दिवस नेमके गणपतीच्या आसपास येतात. वनखात्याची लेखी परवानगी त्याच्या बऱ्याच आधी हातात हवी, अर्ज उन्हाळ्यातच टाका. बीहडात एकटं जाऊ नका. आईला डाकूंच्या जुन्या गोष्टींची भीती वाटायची. खरी भीती पावसात खचणाऱ्या मातीची आणि सारख्याच दिसणाऱ्या घळींची आहे. वनरक्षक किंवा गावातलं कुणी सोबत असू द्या.

प्रत्येक झाडाची थोडीशी कोवळी पानं पुरतात. ती ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीत वाळायला टाकायची, पानांच्या वजनाच्या निदान दहापट सिलिका. जागेचे अक्षांश-रेखांश, फोटो आणि फूल दिसलं तर नर की मादी, एवढं तिथल्या तिथे वहीत लिहायचं. पहिल्या वर्षी मी नंबर प्लास्टिकच्या पुडीवर मार्करने घातले. प्रयोगशाळेत स्पिरिटचा ओला हात लागला आणि बारापैकी पाच पुड्यांवरचे आकडे पुसले गेले. पानं हिरवीगार, उत्तम वाळलेली, पण कुठल्या झाडाची ते सांगता येईना. ती टाकून द्यावी लागली. तोवर झाडांची पानं गळून गेली होती, म्हणजे पुढच्या पावसापर्यंत थांबणं आलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. तेव्हापासून प्रत्येक पुडीच्या आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी असते. पेन्सिल स्पिरिटने जात नाही.

पानातून डीएनए काढायची सीटीएबी (एका साबणासारख्या रसायनाचं नाव) पद्धत पुस्तकात सोपी दिसते: पान खलात द्रव नायट्रोजनमध्ये वाटायचं, ६५ अंशांच्या बफरमध्ये ठेवायचं, क्लोरोफॉर्म, मग आयसोप्रोपेनॉल. पण गुग्गुळाच्या पानात राळ, फिनॉल आणि चिकट शर्करा असतात. माझं पहिलं पेलेट, म्हणजे नळीच्या तळाशी बसणारा डीएनएचा गोळा, तपकिरी आणि जेलीसारखं आलं, पिपेटच्या टोकाला लोंबत राहिलं. नॅनोड्रॉप या डीएनएची शुद्धता मोजणाऱ्या यंत्रावर सगळे २६०/२८० हा प्रकाशशोषणाचा आकडा बघतात, तो १.८ च्या आसपास आला की खूश होतात. शर्करा-फिनॉलची भेसळ दाखवणारा शेजारचा २६०/२३० मात्र बघायचा राहतो. तो २ च्या जवळ हवा, माझा ०.६ होता. पीसीआर, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायची प्रक्रिया, तीन वेळा कोरी गेली. मी प्रायमरला, म्हणजे तो तुकडा हेरणाऱ्या छोट्या डीएनएला, दोष देत होते. सिनियर म्हणाली, "प्रायमर राहू दे, पान बदल." अगदी कोवळं पान घेतलं, वाटलेली पूड आधी सॉर्बिटॉलच्या द्रावणाने धुतली, बफरमध्ये फिनॉल धरून ठेवणारं पीव्हीपी वाढवलं, तेव्हा कुठे तळाशी पांढरं पेलेट दिसलं.

आणखी एक गोंधळ आधीच टाळा. आरबीसीएल आणि मॅटके हे जनुकांचे तुकडे २००९ पासून वनस्पतींचे बारकोड म्हणून वापरले जातात, पण त्यांवरून जात ओळखतात. एकाच जातीतली दोन झाडं वेगळी आहेत का, हे बघायला मायक्रोसॅटेलाइट (डीएनएतले पुन्हापुन्हा येणारे छोटे तुकडे) किंवा एसएनपी (एकेका अक्षराचे फरक) लागतात. विषय ठरवताना गाइडना हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा. लिनक्स ही संगणकप्रणाली आणि आकडेवारीसाठीची आर ही भाषा यांची तोंडओळख हवी. एवढ्या कामाला साधा लॅपटॉप पुरतो.

उन्हाळ्यात बाहेर शिकायला जायचं असेल तर तिन्ही विज्ञान अकादम्यांची मिळून असलेली समर रिसर्च फेलोशिप आहे. लखनौची एनबीआरआय ही राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था आणि आणंदजवळच्या बोरियावीची औषधी वनस्पतींची संस्था डोळ्यांसमोर ठेवा. पत्रात आवड किती आहे ते लिहू नका. किती नमुने हाताळले, काय बिघडलं आणि ते कसं सुधारलं, ते लिहा.

आमच्या सोबत एक वृद्ध बाबा यायचे. पहिल्याच दिवशी एका उतारावरच्या झुडपांकडे बोट दाखवून ते म्हणाले होते, "ये सब उसी एक की औलाद हैं." मी ते वहीत लिहून ठेवलं, विश्वास मात्र ठेवला नव्हता. दीड वर्षाने जेलवर, म्हणजे डीएनएचे तुकडे पट्ट्यांसारखे उमटतात त्या थरावर, त्या उतारावरच्या नऊही झाडांचे पट्टे सारखे आले. पलीकडच्या घळीतली दोनच झाडं वेगळी निघाली. फोटो छापून बाबांना दाखवायला नेला. त्यांनी तो उलटसुलट बघितला आणि विचारलं, "वो दो कौन सी?" आम्ही घळीत उतरलो. त्या दोन्ही झाडांना आता नंबराची पत्र्याची चकती बांधलेली आहे, आणि यंदाची कलमं त्यांचीही घेतली आहेत.