काट्यावरचं बिल नेटवर अवलंबून ठेवू नका

नागपूरच्या कळमना बाजारात आमची संत्र्याची आडत. मार्चात, मृग बहाराचा माल ऐन येत असताना नेट गेलं नं भाऊ, की काट्यावर गाड्यांची रांग लागायची. बिल मुंबईच्या सर्व्हरवर बनायचं.

आधी कागदावर लिहा: नेटविना काय चाललंच पाहिजे? आमचं वजन, भाव, बिल. तेवढं दुकानातल्या छोट्या सर्व्हरवर ठेवा, यूपीएससकट, म्हणजे लाइट गेली तरी चालवणाऱ्या बॅटरीसकट. बाकी हिशेब क्लाउडवर, म्हणजे नेटवरून वापरायच्या कंपनीच्या सर्व्हरवर. अ‍ॅमेझॉनचं क्लाउड केंद्र मुंबईत 2016 पासून, हैदराबादेत 2022 पासून आहे. एकीकडे काम, दुसरीकडे बॅकअप.

बिलांना वेगळी अक्षरं द्या: काट्याचं ‘क-101’, गोदामाचं ‘ग-101’. नाहीतर नेट आल्यावर एकाच नंबरची दोन बिलं भांडतात. आमची भांडली, बाप्पा! दोन रात्री जुळवत बसलो.

मग गिऱ्हाईक नसताना नेटची वायर उपसून बघा, बिल निघतं का ते.