जुन्या स्पोर्ट्‌स कारचे अलाइनमेंट नीट कसे करून घ्यावे

अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याच्या, यंत्राच्या पडद्यावर सगळे आकडे हिरवे दिसले की काम झाले, असे नव्या गाडीच्या बाबतीत बहुतेक वेळा मानता येते. जुन्या स्पोर्ट्‌स कारला मात्र एवढे पुरत नाही, कारण यंत्र चाकांचे कोन मोजते ते गाडी उभी असताना. झिजलेला बुश (सस्पेन्शनच्या सांध्यातले रबरी अस्तर) ब्रेक दाबल्यावर किंवा वळणावर किती सरकतो, हे त्याला कळत नाही. म्हणूनच या कामाचा मोठा आणि महत्त्वाचा भाग गाडी यंत्रावर चढण्याआधीच उरकावा लागतो.

सुरुवात ढिलेपणा शोधण्यापासून करावी. गाडी जॅकवर उचलून भक्कम स्टँडवर टेकवावी आणि प्रत्येक चाक घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवून पाहावे. चाक हलत असेल, तर दुसऱ्या कोणाला ब्रेक दाबून धरायला सांगावे: हालचाल थांबली तर दोष बेअरिंगचा असण्याची शक्यता अधिक, आणि तशीच राहिली तर चाक ज्यावर वळते तो सांधा, म्हणजे बॉल जॉइंट किंवा किंगपिन, तपासावा. पुढचे चाक तीन आणि नऊच्या जागी धरून हलवल्यास टाय रॉडच्या (स्टिअरिंगपासून चाकापर्यंतच्या दांड्याच्या) टोकांतला आणि स्टिअरिंग रॅकमधला ढिलेपणा हाताला जाणवतो. रबरी बुश तडकलेले किंवा मधल्या नळीपासून सुटलेले असतील तर ते आधी बदलावेत. त्यांच्यासह केलेले अलाइनमेंट म्हणजे वाया घालवलेले पैसे. नवे रबरी बुश बसवल्यावर त्यांचे बोल्ट गाडी जमिनीवर, आपल्या नेहमीच्या उंचीवर उभी असतानाच शेवटचे आवळावेत. चाके अधांतरी असताना ते आवळले, तर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहते, लवकर फाटते आणि गाडीची उंचीही बदलते. ही चूक चांगल्या कारागिरांकडूनही घाईत होते, म्हणून हे काम समोर उभे राहून करून घ्यावे.

यानंतर आपल्या गाडीत नेमके काय बदलता येते, हे दुरुस्ती-पुस्तिकेत पाहावे. पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ मध्ये चारही चाकांना विक्षेपी बोल्ट, म्हणजे फिरवल्यावर चाकाचा कोन बदलणारे बोल्ट, आहेत. पुढे कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर कल), कॅस्टर (बाजूने पाहता चाक ज्या अक्षावर वळते त्याचा कल) आणि टो (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असणे), तर मागे कॅम्बर आणि टो असे सगळे त्यांच्या व टाय रॉडच्या साहाय्याने जुळवता येते. याउलट एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारमध्ये मूळ रचनेत फक्त पुढच्या चाकांचा टो बदलता येतो, त्यामुळे तिथे कॅम्बर चुकीचा निघाला तर समजावे की एखादा भाग झिजला आहे किंवा वाकला आहे. जिथे विक्षेपी बोल्ट आहेत, तिथे ते वर्षानुवर्षे न फिरल्याने बुशच्या लोखंडी नळीत गंजून जाम झालेले असतात. काही दिवस आधीपासून त्यांवर गंज सोडवणारे तेल मारत राहावे आणि प्रत्येक बोल्ट फिरतो याची खात्री करूनच वेळ ठरवावी. बोल्ट फिरला नाही, तर कारागीर फक्त पुढचा टो जुळवून गाडी परत देतो, आणि त्यात त्याचा दोष म्हणता येत नाही.

उंचीकडे विशेष लक्ष द्यावे. स्प्रिंगा दबून खाली बसल्या असतील, तर कॅम्बर आणि टो दोन्ही बदलतात, म्हणून पुस्तिकेत सांगितलेल्या जागी चारही कोपऱ्यांवर उंची मोजावी आणि दोन बाजूंमध्ये ठळक फरक असेल तर आधी त्याचे कारण शोधावे. टायर चारही बाजूंना जोडीप्रमाणे समान झिजलेले असावेत, त्यांत हवा थंड अवस्थेत भरलेली असावी आणि डिकीतले अनावश्यक सामान काढलेले असावे. हजार किलोच्या आसपास वजनाच्या दोन आसनी गाडीत चालकाच्या ७०-८० किलोंनी एक बाजू सहज दबते. गाडी बहुतेक वेळा एकट्याने चालवायची असेल, तर तेवढे वजन चालकाच्या आसनावर ठेवूनच मापे घ्यावीत.

आता आकड्यांविषयी. जुन्या पुस्तिकेतली मापे अनेकदा त्या काळच्या टायरांसाठी ठरवलेली असतात, त्यामुळे आधी क्रॉस-प्लाय (तिरक्या थरांचे, जुन्या पद्धतीचे) टायर असलेल्या गाडीला रेडियल टायर बसवले असतील तर पुस्तिकेत रेडियलसाठी वेगळी मापे आहेत का ते पाहावे. एककांचा गोंधळ टाळावा: ० अंश ३० मिनिटे म्हणजे ०.५० अंश, ०.३० नव्हे. टो मिलिमीटरमध्ये दिला असेल, तर तो कोणत्या व्यासावर मोजायचा हे समजून घ्यावे. १५ इंची रिमच्या कडेवर १ मिमी म्हणजे साधारण ९ मिनिटे. रस्त्यावरच्या वापरासाठी मागच्या चाकांना किंचित टो-इन (चाकांची पुढची बाजू आत वळलेली) असावा असे माझे ठाम मत आहे, कारण मागे टो-आउट (याच्या उलट) झालेली हलकी गाडी वेगात वळणावर अचानक शेपूट फिरवू शकते. ठरवलेले सर्व आकडे कागदावर लिहून कारागिराच्या हाती द्यावेत आणि यंत्राच्या साठवणीतल्या आकड्यांऐवजी हेच धरण्याची विनंती करावी.

यंत्रावर क्रम पाळणे आवश्यक आहे. मापकांचे क्लॅम्प चाकांवर बसवल्यावर चाक फिरवून रिमच्या वाकडेपणाची भरपाई करून घ्यावी, मग गाडी पुढून-मागून दाबून सस्पेन्शन आपल्या जागी बसू द्यावे. मागची चाके जुळवता येत असतील तर ती आधी, कारण गाडीची सरळ चालण्याची रेषा तीच ठरवतात. त्यानंतर पुढचा कॅस्टर, मग कॅम्बर, आणि टो सगळ्यांत शेवटी, कारण आधीचे दोन बदलले की तो बदलतोच. पुढचा टो जुळवताना स्टिअरिंग मध्यावर पक्के बांधलेले असावे आणि दोन्ही टाय रॉडवर उघडे दिसणारे आटे जवळपास सारखे असावेत. स्टिअरिंग व्हील तिरके राहिले म्हणून ते उपटून सरळ बसवणे हा उपाय नाही; रॅक मध्यावर आणून टाय रॉडच पुन्हा जुळवावे लागतात. सगळे नट आवळल्यावर मापे परत घ्यायला लावावीत, कारण आवळतानाच आकडा सरकतो.

शेवटी सपाट, सरळ रस्त्यावर गाडी चालवून पाहावी. ती एका बाजूला ओढत असेल आणि आकडे बरोबर असतील, तर पुढचे दोन टायर आपसांत बदलून पाहावेत, मात्र ते एकाच दिशेने फिरण्यासाठी बनवलेले नसावेत. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा आहे. कामाआधीच्या आणि नंतरच्या मापांचे छापील कागद गाडीच्या कागदपत्रांत ठेवावेत. नवे बुश किंवा स्प्रिंगा बसवल्या असतील, तर काही शे किलोमीटर चालल्यावर त्या बसून उंची थोडी उतरते, तेव्हा उंची आणि टो एकदा पुन्हा मोजून घ्यावेत.