समुद्र चढणार असेल तर आधी उघाडीचा हिशेब करा

मी खारभूमी खात्यात, म्हणजे समुद्राचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालणाऱ्या सरकारी खात्यात, अभियंता होतो. सगळी नोकरी पेण-अलिबागच्या बांधांवर झाली, आता मुलुंडला मुलाकडे राहतो. सोसायटीतली मंडळी बातम्या वाचून विचारतात, "काका, समुद्र खरंच एवढा चढला तर हॉलंड, बांगलादेश, मालदीव करणार काय? आणि आपण?" देश असो की मुंबई, कामाचा क्रम मी एकच सांगतो.

समुद्र किती चढेल असं धरायचं ते आधी ठरवा. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या 2021 च्या अहवालानुसार उत्सर्जन फार वाढलं तर 2100 पर्यंत समुद्र साधारण एक मीटरपर्यंत चढू शकतो. ध्रुवाकडचे बर्फाचे थर अचानक ढासळू लागले तर दोन मीटरही अशक्य नाही. नकाशा दोन मीटर धरून काढा, बांधकाम मात्र टप्प्याटप्प्याने करा. बांधाचा पायथा आज रुंद ठेवा, माथा नंतर चढवता येतो. अरुंद पायथ्यावर उंची चढवली की पहिल्या मोठ्या उधाणाला खांड जाते, म्हणजे बांध फुटतो.

पातळी कुठून मोजली आहे तेही बघा. महापालिका पावसाळ्याआधी साडेचार मीटरवरच्या भरत्यांची यादी काढते, ती वाचून लोक घाबरतात. पण तो आकडा जवळजवळ तळाच्या ओहोटीपासून मोजलेला असतो. समुद्राच्या सरासरी पातळीपासून ती भरती दोनेक मीटरच वर असते.

आता मुख्य गोष्ट. सगळे विचारतात भिंत किती उंच, मी विचारतो आतलं पाणी बाहेर कसं जाणार. खारबांधाला उघाडी असते, म्हणजे आतलं पाणी बाहेर सोडायचं दार. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने तिची झडप उघडते, भरतीला समुद्रच ती दाबून बंद करतो. समुद्र एक वीत चढला तरी बांधावरून पाणी येणार नाही, पण उघाडी रोज थोडा जास्त वेळ बंद राहील आणि शेत पावसाच्याच पाण्याने कुजेल. मुंबईचं दुखणं हेच. शहराच्या पर्जन्यवाहिन्यांची 186 मुखं समुद्रात किंवा खाडीत उघडतात. त्यातली 45 समुद्राच्या सरासरी पातळीच्या खाली, 135 भरतीच्या पातळीच्या खाली, फक्त सहा त्याच्या वर. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यात भरती आली, तेव्हा पाण्याला वाटच नव्हती. हाजी अली, लवग्रोव्ह, ईर्ला इथली पंपिंग स्टेशनं त्यासाठीच आहेत. हॉलंडवालेही यातून सुटले नाहीत. 1932 चा त्यांचा आफ्स्लाउटडाइक हा 32 किलोमीटरचा बांध ओहोटीलाच पाणी सोडायचा. आता त्याला पंप बसवावे लागताहेत. तेव्हा भिंतीच्या खर्चाशेजारी पंपांचा, विजेचा आणि पाणी साठवायच्या तळ्यांचा खर्च लिहा. तो लिहिलेला नसेल तर आराखडा परत पाठवा.

जमीन खचते का तेही तपासा. उत्तर जकार्तात बोअरवेलच्या उपशाने काही भाग चार मीटरपर्यंत खाली गेले. समुद्र तेवढा चढलाच नव्हता. टोकियोने उपशावर कडक निर्बंध घातले आणि खचणं आटोक्यात आलं. सगळ्यात स्वस्त उपाय हाच, पण त्याचं उद्घाटन करता येत नाही.

गाळ अडवू नका. बांगलादेशात 1960 च्या दशकात नदीमुखाशी बांध घातले. गाळ बाहेर राहिला, आतली जमीन खोलगट झाली, पाणी तुंबून राहू लागलं. 1997 मध्ये भायना बिल या सखल पाणथळ भागातल्या लोकांनी स्वतःच बांध फोडला. भरतीसोबत गाळ आत आला आणि काही वर्षांत जमीन वर उचलली गेली. आमच्या खात्यात असं करणाऱ्यावर गुन्हा दाखल झाला असता! आपल्याकडे गाळ धरायचं काम तिवरं फुकट करतात. समुद्र चढेल तशी तिवरं मागे सरकतात, म्हणून त्यांच्या मागे मोकळं खाजण, म्हणजे भरतीचं पाणी येणारी दलदलीची जमीन, ठेवा. तिथे टॉवर उभा राहिला तर ती मधल्यामध्ये बुडतील.

भराव घालून उंच होणं छोट्या देशाला जमतं. मालदीवने हुलहुमाले बेट समुद्रात भराव टाकून सुमारे दोन मीटर उंच केलं. बाकीच्या शेकडो बेटांना तेवढी वाळू आणायची कुठून?

आणि उठून जायची तयारी शेवटी नाही, आत्ताच करा. पॅसिफिकमधल्या किरिबाती या बेटांच्या देशाने 2014 मध्ये फिजीत जमीन घेऊन ठेवली. पनामातल्या गार्दी सुगदुब बेटावरची सुमारे 300 कुटुंबं 2024 मध्ये मुख्य भूमीवरच्या नव्या वस्तीत गेली. हलवायचं तर वस्ती एकत्र हलवा. वरळी कोळीवाड्यातल्या माणसाला दूर आत बाविसाव्या मजल्यावर घर दिलं तर होडी कुठे लावेल, सुकट कुठे वाळवेल? खाडीलगतची उंच सरकारी जागा शोधा, सातबाऱ्यावर तिचं आरक्षण आजच टाका, आणि कोळणींना नकाशा दाखवून जेट्टी कुठे हवी ते आधी विचारा.