टाळ्या क्लबात राहू द्या, कामावर टायमर न्या

सांगलीत बोलणाऱ्यांची कमी नाही बघा. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी पहिलं मराठी नाटक इथंच उभं केलं, तेव्हापासनं स्टेजचा किडा कृष्णेच्या पाण्यातच असल्यासारखा आहे, मंडळाचा सत्कार असू दे नाहीतर सोसायटीची मीटिंग, माईक हातात आला की माणूस सोडत नाही. म्हणून मी स्पीकिंग क्लबला जायला लागलो तेव्हा मित्र म्हणाला, तुला आणि बोलायला काय शिकायचंय, गप्प बसायला शीक लेका. गंमत म्हणजे तेच शिकलो आणि कामावर उपयोग झाला तो त्याचाच.

आम्ही पंधरा-वीस जण शनिवारी विश्रामबागला जमतो, पद्धत टोस्टमास्टर्सची, म्हणजे राल्फ स्मेडलींनी 1924 मध्ये कॅलिफोर्नियात सांता आनाला सुरू केली ती. भाषण 5 ते 7 मिनिटं, 5 ला हिरवं कार्ड, 6 ला पिवळं, 7 ला लाल, मग एकजण अं-अं मोजणार, एकजण व्याकरण बघणार आणि प्रत्येक भाषणावर दुसरा कुणीतरी उठून 2-3 मिनिटं सांगणार की काय जमलं, काय नाही.

आता हे कुपवाडच्या एमआयडीसीत आमच्या मशिनिंगच्या शॉपमध्ये, म्हणजे मशीनवर पार्ट कापतात तिथं, कसं न्यायचं. पहिली चूक मी केली ती तुम्ही करू नका. सकाळी 7 च्या शिफ्ट मीटिंगला मी भाषण ठोकलं, मधे पॉज काय, हातवारे काय, सुरुवातीला एक गोष्ट पण सांगितली. रात्रपाळीवाले डबा हातात घेऊन उभे, डोळे मिटायला लागलेले, आणि मागनं एकजण म्हणतो, साहेब क्वालिटीवर या की. झालं, वक्तृत्व तिथंच संपलं.

तर आधी टायमर आणा. आमची मीटिंग रोज अर्धा तास चालायची, कारण मी बोलायचो. गणपती पेठेतनं तीन रंगांचं कार्डशीट आणलं, मीटिंग 7 मिनिटांची केली, 5, 6, 7 ला कार्ड, आणि कार्ड धरायचं काम सगळ्यात ज्युनिअर पोराला दिलं, हे मुद्दाम, कारण त्यानं एकदा साहेबाला लाल दाखवलं की त्याची भीड चेपते. चार गोष्टीच बोलायच्या: काल किती झालं, कुठं अडलं, आज काय पाहिजे, कुणी आणायचं. बाकीचं मीटिंग सुटल्यावर त्या माणसाजवळ जाऊन.

अं-अं मोजणं कामावर लोकांवर करू नका, मारामारी होईल. स्वतःवर करा. मोबाईलवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून ऐका, माझं 'म्हणजे कसं आहे की' एका मीटिंगमध्ये चौदा वेळा निघालं, आणि ते नेमकं जिथं उत्तर माहिती नव्हतं तिथंच निघत होतं. तिथं आता थांबतो. दोन सेकंद गप्प राहिलं तर कुणी मरत नाही.

क्लबात टेबल टॉपिक्स असतं, ऐनवेळी विषय देणार आणि 1 ते 2 मिनिटं बोलायचं. कस्टमरचं ऑडिट म्हणजे दुसरं काय असतं. तिथं मी एवढंच करतो, आधी उत्तर, मग कारण, मग कधीपर्यंत काय करणार. माहिती नसेल तर 'बघून दुपारी 3 पर्यंत सांगतो' म्हणायचं आणि 3 ला खरंच सांगायचं. आपली सवय उलटी, आधी सगळी रामकहाणी आणि शेवटी उत्तर, तोवर ऑडिटरनं काय लिहायचं ते लिहिलेलं असतं.

पण खरा माल आहे तो मूल्यमापनात, म्हणजे भाषणानंतर उठून काय जमलं, काय नाही सांगतात त्यात. आमच्याकडं एक आण्णा आहेत, व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, वीस वर्षं हात बसलेला माणूस, माझ्यापेक्षा वयानं मोठे. 40 मिलिमीटरचा बोअर, म्हणजे पीसमधलं गोल भोक, वर 25 मायक्रॉनची सूट, म्हणजे मिलिमीटरचा चाळिसावा भाग, आणि एका रात्रीत 6 पीस ओव्हरसाइज, भोक मापापेक्षा मोठं. मी क्लबातली युक्ती वापरली, आधी कौतुक, मग चूक, मग परत कौतुक. आण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, तुमी गोड बोलायला लागला की आमच्या पोटात गोळा येतोय, आधीच मारा की." बरोबर होतं त्यांचं. क्लबात माणूस स्वतःहून ऐकायला आलेला असतो, इथं त्याच्या इन्क्रिमेंटचा प्रश्न असतोय.

दुसऱ्या वेळी मी आधी विचारलं, आण्णा, काय झालं ते तुम्हीच सांगा. आणि गप्प बसलो. तेव्हा कळलं की मधे इन्सर्ट, म्हणजे कापायचं पातं, बदलला, पहिला पीस बोअर गेजनं बघायचा तर गेज दुसऱ्या शिफ्टवाल्यानं कपाटात कुलूप लावून ठेवलेला. मी ओरडलो असतो तर ते कुलूप मला कधीच कळलं नसतं. मग एकच गोष्ट ठरली, गेज मशीनजवळ राहणार आणि इन्सर्ट बदलला की पहिला पीस मोजल्याशिवाय दुसरा लावायचा नाही. दहा सुधारणा एकदम सांगितल्या तर माणूस एकही करत नाही, आणि जे सांगायचं ते एकट्यात, कौतुक मात्र सगळ्यांसमोर, तेही नेमकं, 'छान काम' म्हणून काही कळत नाही कुणाला.

लीडरशिपचं म्हणाल तर क्लबात दर आठवड्याला कामं बदलतात, आज टायमर तो उद्या मीटिंग चालवणारा. आम्ही तेच केलं, दर सोमवारी नवा माणूस मीटिंग चालवतो, मराठीत, आपल्या भाषेत, इंग्लिशची सक्ती केलीत की निम्मे लोक तोंडच उघडणार नाहीत. पहिले दोन सोमवार बेक्कार गेले, मधे घुसायचा लई मोह होतो, घुसू नका. आण्णांनी पहिल्यांदा पाळी नाकारली, तिसऱ्या महिन्यात घेतली, कागद बघून चार वाक्यं बोलले आणि 3 मिनिटांत मीटिंग संपवली. हिरवं कार्ड पण वर गेलं नव्हतं.