नवीन शाईपेन आणलंय? स्टीलच्या निबला देवनागरीची सवय अशी लावा

शाईपेन घरी आणलं की पहिलं काम लिहायचं नसतं, धुवायचं असतं. निब आणि तिच्याखालची जीभ, म्हणजे ज्याला फीड म्हणतात ते, कारखान्यात तयार होताना मशीनचं तेल लागतं आणि त्याचा बारीक थर कधीकधी राहून जातो, तेलावर शाई धरत नाही, मग पेन मधेच कोरडं पडतं आणि आपण म्हणतो स्टीलची निब आहे ना, अशीच असणार. तसं अजिबात नसतं. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, निब बुडवून कन्व्हर्टरने, म्हणजे पेनात बसणाऱ्या शाई ओढायच्या छोट्या पंपाने, पाणी सात-आठ वेळा आत-बाहेर करा, मग साध्या पाण्याने तेच करा आणि निब खाली करून जुन्या सुती कापडावर रात्रभर ठेवा. पाणी गरम मात्र नको, जीभ प्लास्टिकची असते, वाकडी झाली की शाई नीट येतच नाही.

माझ्या रोजच्या वापरात निळं लामी सफारी आहे. १९८० साली जर्मनीत शाळकरी मुलांसाठी म्हणून हे पेन आलं, त्यामुळे पकडायची जागा तिकोनी आहे, अंगठा आणि बोट आपोआप जागेवर बसतात आणि निबचं तोंड वरच राहतं. वजनाला एकदम हलकं, बाजूला छोटी खिडकी आहे त्यातून शाई किती उरली ते दिसतं, आणि तो निळा रंग मला अजून रोज बघायला आवडतो. एक लक्षात ठेवा, याला बाजारात मिळणारी साधी काडतुसं, म्हणजे शाई भरलेल्या तयार नळ्या, बसत नाहीत, त्यांचीच लागतात, म्हणून सुरुवातीलाच कन्व्हर्टर घ्या आणि बाटलीतली शाई वापरा. शाई भरताना निब पूर्ण बुडवायची, भरून झाली की दोन-तीन थेंब परत बाटलीत सोडायचे आणि निब पुसायची, नाहीतर पहिल्याच ओळीत डाग पडतो.

स्टील म्हणजे हलकं आणि सोनं म्हणजे भारी हा समज काढून टाका. सोन्याच्या निब आल्या त्याचं एक मोठं कारण म्हणजे जुन्या काळच्या आम्लयुक्त शाया साधं पोलाद खाऊन टाकायच्या. आताचं स्टेनलेस स्टील आणि आताच्या शाया यांचं छान जमतं. आणि कागदाला खरं टेकतं ते निबच्या टोकावर बसवलेला कठीण धातूचा मणी, तो स्टील आणि सोनं दोन्ही निबांना असतो.

आता निब केवढी घ्यायची. मराठी लिहायचं असेल तर बारीकच घ्या. युरोपातली मीडियम निब इंग्रजीला छान दिसते पण देवनागरीत तिने जीव जातो, ष्ट, द्ध, क्ष यांच्या आतली पोकळी शाईने भरून जाते, आणि घ आणि ध यातला फरक कळतो तो डोक्यावरच्या छोट्याशा फटीमुळे, ती फटच बुजते. जपानी कंपन्यांची फाइन निब युरोपातल्या फाइनपेक्षा साधारण एक पायरी बारीक असते, तिकडे कांजी, म्हणजे खूप रेघांची गुंतागुंतीची अक्षरं, लिहायची असतात म्हणून, आणि आपल्या जोडाक्षरांना तेच सोयीचं पडतं. युरोपातलं घेत असाल तर एक्स्ट्रा फाइन, जपानी घेत असाल तर फाइन, मी सगळ्यांना हेच सांगते. सफारीची निब सरळ पुढे ओढून निघते आणि दुसरी बसवता येते, त्यामुळे चुकून जाड घेतली असेल तर अख्खं पेन बदलायची गरज नाही.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते हात उचलण्याबद्दल. जोडून लिहिलेल्या इंग्रजीत निब एकदा टेकली की शब्द संपेपर्यंत चालत राहते. आपल्याकडे अक्षर काढा, उचला, काना द्या, उचला, वेलांटी, उचला, शेवटी वर रेघ, मग अनुस्वार. एकेका शब्दात आठ-दहा वेळा निब नव्याने टेकते. (मोडी लिहिणारे आधी अख्खी रेघ ओढून घ्यायचे आणि मग तिच्याखाली हात शक्यतो न उचलता लिहीत जायचे, ते का करायचे ते शाईने लिहायला लागल्यावर कळतं.) म्हणजे टेकताक्षणी शाई न सोडणारं पेन इंग्रजीत खपून जाईल, मराठीत पानभर छळेल. माझ्याकडे आधी एक निळंच पेन होतं, ओळी सुंदर यायच्या पण अनुस्वार उमटायचेच नाहीत, "आंबा" लिहिलं की "आबा" व्हायचं आणि मी परत मागे जाऊन टिंबं देत बसायचे.

म्हणून नवीन पेनाची परीक्षा गोल गोल रेघोट्या मारून घेऊ नका, त्यात प्रत्येक पेन पास होतं. "संध्याकाळी घंटा वाजली आणि ऱ्हस्व-दीर्घाची शिकवणी संपली" असं काहीतरी दहा वेळा लिहा आणि फक्त टिंबं, रफार आणि वेलांटीची सुरुवात बघा. मग टोपण न लावता एक मिनिट थांबा आणि परत एक टिंब द्या. उमटलं तर पेन चांगलं. नाही उमटलं तर आधी परत धुवा, मग शाई बदलून बघा, जरा जास्त वाहणारी. निबला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी.

बॉलपेनने आपल्याला उभं धरून दाबायची सवय लावलीय, ती मोडायला दोन-तीन आठवडे लागतात. पेन तिरकं, साधारण ४५ ते ५० अंशात, आणि दाब जवळपास शून्य, शाई उतरवायचं काम निबमधल्या फटीचं आणि जिभेचं आहे, आपलं नाही. पान लिहून झालं की उलटं करून मागून बोट फिरवा, अक्षरं उठलेली हाताला लागली तर अजून दाबताय.

कागदावर निब खरखर करत असेल तर घाबरू नका. माझं पेन एकदा टोपण नसताना टेबलावरून निबवरच पडलं, उजवीकडे जाताना गुळगुळीत आणि डावीकडे वळताना टोचायला लागलं. दहापट मोठं दिसणारं भिंग घेऊन निबकडे समोरून पाहिलं तर फटीच्या दोन बाजूंच्या टोकांपैकी एक केसभर वर गेलेलं. वर गेलेल्या टोकाला अंगठ्याच्या नखाने हलकेच खाली दाबायचं, दोन-तीन सेकंद, परत भिंगातून बघायचं, परत थोडंसं. मला पंधरा मिनिटं लागली आणि पेन पहिल्यासारखं झालं. पॉलिशपेपरवर मात्र घासू नका, तो मणी झिजला की परत येत नाही.

शाईचं थोडक्यात. रोजच्या लिहिण्याला रॉयल ब्लू उत्तम, पेनाला सौम्य आणि सहज धुतली जाते, पण त्याच कारणाने पाण्याचा थेंब पडला की अक्षर पुसलं जातं आणि उन्हात फिकी होते, म्हणून चेक आणि फॉर्मसाठी पर्मनंट शाई वेगळी ठेवा. दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत शाईची पावडर आणि गोळ्या करायला सुरुवात केली, त्यातूनच पुढे कॅम्लिन झालं, त्यांची शाई गावोगावी मिळते, शिकायला तीच पुरेशी आहे. फक्त दुकानात बाटली नीट वाचून घ्या. चित्रकलेची वॉटरप्रूफ ड्रॉइंग शाई पेनात कधीच भरायची नाही, ती जिभेत वाळली की दगड होते.

कागदावर शाई फुटते तेव्हा दोष बहुतेक वेळा पेनाचा नसतो. वहीच्या शेवटच्या पानावर चार ओळी लिहून कडा बघा, अक्षराला पाय फुटले तर ती वही हिशेबाला ठेवा. पावसाळ्यात चांगला कागदही ओल धरतो आणि शाई पसरते, मी जून ते सप्टेंबर वह्या कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवते. अजून एक, पानाच्या खालच्या भागात आल्यावर पेन अचानक अडखळायला लागलं तर तिथे तुमचा हात टेकलेला असतो, हाताचा घाम आणि तेल कागदात उतरतं. हाताखाली एक कोरा कागद ठेवून लिहा, लगेच फरक पडतो.

विमानाने जाताना पेन पूर्ण भरलेलं किंवा पूर्ण रिकामं न्या आणि निब वर ठेवा, अर्धवट भरलेलं असलं की आतली हवा फुगते आणि शाई टोपणात येते. रोज लिहीत असाल तर महिन्या-दीड महिन्यातून एकदा साध्या पाण्याने धुणं पुरतं, शाईचा रंग बदलताना मात्र पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं. आणि आठ-पंधरा दिवस लिहायचंच नसेल तर शाई भरलेलं पेन तसंच ड्रॉवरमध्ये टाकू नका, रिकामं करून, धुऊन, वाळवून ठेवा.