कोल्हापुरात नवीन आलायसा? कर्ज काढायच्या आधी हे बघा

शिरोली एमआयडीसीत नाहीतर गोकुळ शिरगावला कामाला आलेली पोरं नेहमी विचारतात, दादा खोलीचं डिपॉझिट भरायचंय, पगाराला अजून महिना आहे, पैसे कुठं मिळतील? मी पण लातूरकडचाच, आता इथलाच झालोय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

पैसे मिळत नाहीत असं कोल्हापुरात होत नाही. बँक दारात उभं करणार नाही हे खरं, कारण पगाराच्या स्लिपा नाहीत, पत्ता भाड्याचा, सिबिल म्हणजे आधीच्या कर्जफेडीची नोंद कोरी. पण बाकीचे द्यायला बसलेलेच असतात. फक्त सावकार महिन्याचा टक्का सांगतो, फायनान्सवाला फ्लॅट दर सांगतो आणि भिशीत तर व्याजाचं नावच निघत नाही. त्यामुळं टक्का ऐकून गप्प बसू नका, हातात किती पडणार, एकूण किती फेडायचे आणि किती महिन्यात, एवढं विचारा आणि कागदावर लिहून घ्या.

आता सावकार "पाच टक्क्यानं देतो" म्हणतो ना, ते महिन्याला, म्हणजे वर्षाचे ६०. वीस हजार मागितले की पहिल्या महिन्याचं व्याज आधीच कापून १९ हजार हातात ठेवतो, मग दर महिन्याला हजार द्यायचे, वर्षभरात १२ हजार दिले तरी मुद्दल २० हजार तशीच. लायसन असलेल्या सावकाराला २०१४ च्या सावकारी कायद्याखाली शेतकरी सोडून इतरांकडनं तारणावर वर्षाला १५ आणि बिनतारणी १८ टक्केच घेता येतात. त्यामुळं कोरा चेक नाहीतर एटीएम कार्ड मागणारा भेटला की तिथनंच मागं फिरा.

फ्लॅटचं गणित नीट बघा, ह्यात शिकलेली पोरं पण गंडतात. एक लाख, दोन वर्षं, "फक्त १२ टक्के" फ्लॅट, म्हणजे व्याज २४ हजार आणि हप्ता ५,१६७. तेच १२ टक्के घटत्या शिलकीवर असते तर हप्ता ४,७०७ आणि व्याज १३ हजारांच्या आत. कारण तुम्ही मुद्दल दर महिन्याला फेडताय आणि तो मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर व्याज लावतोय, खरा दर साडेएकवीसच्या आसपास जातो. त्यात प्रोसेसिंग फी, इन्शुरन्स वेगळं. बँक आणि फायनान्स कंपनीला १ ऑक्टोबर २०२४ पासून नवीन कर्जाला मुख्य तथ्य विवरण द्यावं लागतं, त्यात एपीआर म्हणून सगळा खर्च धरून वार्षिक दर असतो. सही करायच्या आधी तोच आकडा शोधा, बाकीचं चकचकीत पत्रक राहू दे.

भिशी चांगली, पण ओळखीतली आणि चिठ्ठी काढून नंबर लावणारी. बोलीची, म्हणजे जो जास्त पैसे सोडंल त्यालाच उचलायला मिळणारी असली तर हिशोब करा. दहा जण, पाच-पाच हजार, पहिल्याच महिन्यात ८ हजार सोडून उचलली तर ४२ हजार मिळाले, त्यातला स्वतःचा पहिला हप्ता गेला की ३७, आणि पुढं ४५ भरायचे. सोडलेल्या पैशाच्या वाटणीत थोडे परत येतात, तरीपण हे स्वस्त न्हवं लगा. शिवाय बोलीची भिशी चिट फंड कायद्यात येते, नोंदणी नसली आणि चालवणारा पळाला तर भांडायचं कुणाशी?

माझं मत विचाराल तर कंपनीत कामगारांची पतसंस्था असेल तर पर्मनंट झाल्याझाल्या सभासद व्हा. बाहेरची पतसंस्था पण कर्ज देते, मात्र कर्जाच्या रकमेतनं शेअर्सचे पैसे कापले जातात आणि दोन जामीन लागतात. इथंच नवीन माणूस अडकतो, म्हणजे मिळत नाही म्हणून न्हवं, तर "तू मला जामीन हो, मी तुला होतो" असं करून. जामीनदारावर पण सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघतो आणि पगारातनं कपात सुरू होते, मूळ कर्जदार गावाकडं निवांत.

घरात सोनं असेल तर सोनंतारण त्यातल्या त्यात बरं, फक्त पावतीवर निव्वळ वजन, कॅरेट आणि लिलावाची नोटीस कधी ते वाचून घ्या.

अॅपबद्दल थोडक्यात. कर्ज देणारी बँक किंवा फायनान्स कंपनी कोणती ते नाव दिसलं पाहिजे, पैसे तिच्या खात्यातनं थेट तुमच्या खात्यात आले पाहिजेत, आणि कॉन्टॅक्ट, फोटोची परमिशन मागितली की डिलीट. फोटो एडिट करून पाठवतो अशा धमक्या आल्या तर घाबरून अजून पैसे टाकू नका, १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. सावकाराचा त्रास असेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडं लेखी अर्ज द्या आणि आपल्या कॉपीवर आवकचा शिक्का मारून घ्या.

आणि हप्त्याची तारीख पगारानंतरचीच घ्या. पगार १० ला आणि हप्ता ५ ला असला की दर महिन्याला बाउन्स, त्याचा दंड बँक पण कापते आणि कर्ज देणारा पण.