ऋतू बदलला की माझी घडी विस्कटायची

दिवस लहान व्हायला लागले की दरवर्षी माझं तेच. पाचचा गजर साडेसहापर्यंत ढकलायचा, फिरणं बुडवायचं आणि दिवसभर स्वतःवर चिडायचं. मागच्या खेपेला मी कपाटाच्या दारावर तासातासाचं वेळापत्रक चिकटवलं. नऊ दिवस टिकलं. मग त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर मुलीने हत्ती काढला. (हत्ती छान आहे, अजून तिथेच आहे.)

आता उठायची वेळ तेवढी पक्की, बाकी सगळं मोकळं. सुट्टीलाही सहा म्हणजे सहा. उजाडलं की पंधरा-वीस मिनिटं बाहेर, ढग असले तरी. ढगाळ आभाळाचा उजेडसुद्धा घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो. आपलं शरीराचं घड्याळ सरासरी २४ तासांपेक्षा किंचित लांब चालतं. ते रोज जुळवायचं काम मुख्यतः सकाळचा उजेड करतो. दिवसाची लांबी विषुवदिनाच्या (दिवस आणि रात्र जवळपास सारखे असतात त्या दिवसाच्या) आसपास सगळ्यात झपाट्याने बदलते, आणि माझी घसरगुंडीही नेमकी तेव्हाच व्हायची.

व्यायाम कधी, वाचन कधी, ते त्या त्या दिवशी ठरतं. परवा संध्याकाळी तर चालायला गेलोच नाही, गच्चीत आडवा पडून आभाळ बघत बसलो. दुसऱ्या दिवशी जाग आली ती गजराच्या चार मिनिटं आधी.